चौथ्या खणातली पायली

कुताइसीच्या तळघरात रात्री दोन वाजता
पंखे इतके घोंगावतात
की भिंतीपलीकडून रिओनी नदी जाते याचा विसर पडतो.
लामारामावशी कानांत कापूस घालून बसलेली,
मांडीवर राजम्याची पोळी, कागदात, अर्धी.

भूकंपाच्या नोंदींची रोजची नक्कल
मार्चपर्यंत तीनला उरकायची.
आता समोरच्या भट्टीत पहिला पाव भाजून होतो
तरी हिचं लिहिणं सरत नाही.

"विचार त्याला," ती म्हणाली.
विचारलं.
कंट्रोलर म्हणाला: पाचशे बारा.
पुन्हा विचारलं. पाचशे बारा.
चारही डिस्क त्याच्या पाठीमागे,
एकत्र कुटुंबातल्या सुनांसारख्या;
दारात आलेल्याशी बोलायचं ते थोरल्यानेच.

मी म्हटलं, झालं तर, मापटं ते मापटं.
तिने पोळीचा कागद घडी करून खिशात ठेवला.
"दुकानदार मापट्याने देतो रे.
कोठारात पायली असली तर?
एक मापटं बदलायला
अख्खी पायली उपसायची,
आठातलं एक काढून नवं घालायचं,
चकती एक फेरी मारून येईतो ताटकळायचं,
मग सगळी परत ओतायची.
आणि आपण मोजायला बसलोय
त्रेसष्ट मापटी सोडून.
आपली एकेक पायली
दोघींच्या काठांवर सांडते."

त्रेसष्ट कुणी ठरवलं?
जुम्बेरने. तो आता झेस्ताफोनीत मधमाश्या पाळतो.
त्याच्या काळी एका फेरीत त्रेसष्ट घरं धरायचे.
तशी घरं आता कुठल्याच चकतीवर नाहीत.
सवय तेवढी वस्तीला राहिली.

हातच्या कांकणाला आरसा कशाला,
डिस्क ओढून बाहेर काढू, चिठ्ठी वाचू, मी म्हटलं,
आणि हात पुढे केलासुद्धा.
तिने मनगट धरलं.
दुसऱ्या खणावर पिवळा दिवा:
ती आज जाते की उद्या, सांगता येत नाही.
तिच्यासोबत अजून एक गेली
तर वीस वर्षांची थरथर
एका श्वासात पुसली जाईल.

मग चोरून मोजायचं ठरलं.
आधी कंट्रोलरची खिशातली वही बंद केली;
तिच्यात टिपून घेऊन तो "लिहिलं" म्हणतो,
खरं लिहितो मागाहून.
मग सुट्या जागेत, एकेक मापटं सरकवत,
लिहून पाहिलं हजारदा.
आकडे गढूळ आले.
अर्धी लिखाणं ठणठणीत,
अर्धी लंगडत.
अर्धीच का?

मावशी बराच वेळ काही बोलली नाही.
कानातला एक कापूस काढला.
"प्रत्येक लिखाण दोघींकडे जातं," ती म्हणाली,
"एकीकडे मजकूर, एकीकडे त्याचा ताळा.
चौघींतली एकच लंगडी असली
तर अर्ध्या जोड्यांत ती असणारच."

कंट्रोलरच्या मागच्या दाराची किल्ली
एका जुन्या आज्ञेत होती. खणाचा नंबर सांगायचा,
मग तो तोंड फिरवतो आणि डिस्क स्वतः बोलते.
शून्य: पाचशे बारा. एक, दिवा पिवळा असूनही: पाचशे बारा.
दोन: तेच.
तीन म्हणाली,
सांगायला पाचशे बारा,
असायला चार हजार शहाण्णव.

ती मार्चमध्ये बसवलेली.
पावती माझ्या सहीची. आकार, रंग, किंमत पाहिली होती,
हे पाहिलं नव्हतं.
मावशीने पावतीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.

नोंदी दुसऱ्या यंत्रावर हलवायला पहाट झाली.
पिवळी तोवर टिकली.
नवी वाटणी दोन हजार अठ्ठेचाळीसपासून,
आठाने भागलं तर शिल्लक शून्य.
मी तिला पाव आणून दिला, गरम,
तिने मधून मोडून अर्धा परत दिला.

यंत्राच्या पत्र्यावर आता एक चिकटपट्टी आहे,
तिच्या गोल जॉर्जियन अक्षरांत:
"चौथ्या खणात पायली आहे. विचारलं तर नाही म्हणेल."
खाली, लहान अक्षरांत, माझं नाव.