बिनकामाची हवा

औलूचं इस्पितळ. नोव्हेंबर.
सकाळचे नऊ, बाहेर आत्ता कुठे फटफटतंय.
हिल्क्का युलिनिएमी, वय सदुसष्ट,
चाळीस वर्षं भट्टीपुढे उभी राहून ऐसपैस झालेली,
मास्क चढवताना घाबरून बेकरीचंच बोलत राहिली :
"वरून छान फुगलेला दिसतो गं पाव,
कापला की कळतं, तळाशी गिच्च ओली रेघ..."
रेघेपाशीच झोपली.

शंभर टक्के ऑक्सिजन दिला होता मी.
हात आपोआप तसाच वळतो.

तूरेने नळी उजवीकडे, पार खालच्या शाखेत सरकवली.
टोकाशी काडीएवढा अल्ट्रासाऊंड गरगरतो
आणि हवा भरलेलं फुप्फुस पडद्यावर
हिमवादळासारखं उठतं, पांढरं, भुरभुरं.
आज वादळ नव्हतं.
राखाडी, सलग, घट्ट काहीतरी.
"सापडली गाठ," तूरे म्हणाला. सुईसाठी हात पसरला.

मॉनिटरवर सत्त्याण्णव.
सत्त्याण्णव खोटं बोलत नाही,
विचारलं तेवढंच सांगतं.

पण सीटीवर तर ती वाटाण्याएवढी होती.
"थांब. आधी डावीकडे बघ."
डावीकडे कधीच काही नव्हतं.
तिथेही तेच राखाडी.

अर्ध्या तासात, दोन्ही बाजूंना, पाठीलगत
गाठी उगवत नसतात.
फुप्फुस बसलं होतं.
बसवलं मीच.

हवेतला नायट्रोजन रक्ताला फारसा नको, पेशीला नको,
येतो तसा रिकाम्या हातांनी परत जातो.
पण तो नुसता असतो, म्हणून खोली उघडी राहते.
मी त्याला धुऊन काढलं होतं.
उरलेला ऑक्सिजन रक्ताने थेंबाथेंबाने पिऊन टाकला
आणि भिंती एकमेकींना चिकटल्या.

निवृत्तीनंतर दिवसभर स्वयंपाकघरात
नुसता बसून राहणारा माझा बाप
भलत्याच वेळी आठवला.
तो गेल्यावर त्या घराचं काय झालं, तेही.

नळी बाहेर. ऑक्सिजन खाली आणला.
मग दाब, हळूहळू, चाळीसपर्यंत,
धरून ठेवला, मनात दहा मोजले,
डोळे रक्तदाबावर. उतरला. उतरला.
सावरला.
मग दहाचा टेकू लावून ठेवला,
श्वास संपला तरी दार पुरतं मिटू नये म्हणून.
"आता बघ."

हिमवादळ.

तूरे बराच वेळ बोलला नाही.
गाठ होती, शेजारच्या शाखेत,
लहानशी, कडा रेखीव.
मघाशी सुई टोचली असती तर
दमून मिटलेल्या निरोगी फुप्फुसाचा तुकडा आला असता,
आणि "काही आढळलं नाही" असा देखणा अहवाल.

दुपारी हिल्क्का जागी झाली. घसा बसलेला.
कॉफी मागितली. अजून तासभर नाही, म्हटलं.
अहवाल गुरुवारी.
तीन वाजता खिडकीत पुन्हा अंधार भरू लागला,
मी फॉर्म भरायला घेतला : दाब, टक्के, वेळ, सही.
नायट्रोजनसाठी रकाना नसतो.