रुंदी शून्य

तिडके सरांचा फोन आला तेव्हा
मी गच्चीवर टाकीत काठी घालून पाणी मोजत होतो.
'समद, प्रश्नपत्रिकेत समुद्र घुसलाय.'
'कुठल्या?'
'सातवीच्या. भूगोलाच्या. पेपर झालाही. ये जरा.'

प्रश्न तिसरा, गुण चार :
बालाघाटातील दऱ्या कशा तयार झाल्या?
घरच्या कॉम्प्युटरवर सरांनी असंच टाइप केलेलं.
शाळेत तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडली, प्रिंट दिली,
छापून आलं : दर्या.
र उडून य च्या डोक्यावर बसला
आणि अंबाजोगाईला समुद्र लागला,
जिथं नळ दहाव्या दिवशी येतो.

तो प्रोग्राम मला ठाऊक होता. फुकटचा,
म्हणजे कुणाचाच नाही,
म्हणजे ज्याला नट ढिला दिसेल त्यानं पाना घ्यायचा.
दिवसा मी पुण्याच्या एका कंपनीची बिलं जुळवतो.
रात्री, अम्मी झोपल्यावर, त्याच्या पोटात उतरलो.

पाचव्या रात्री सापडलं.
त्या शब्दात र आणि य यांच्या मध्ये
एक अक्षर असतं, दिसत नाही.
रुंदी शून्य.
काम एवढंच, की दोघांना शेजारी धरून ठेवायचं,
कुणी कुणाच्या डोक्यावर बसू नये.
डेस्कटॉप त्याला ओळखत होता.
वेबवर, सेव्ह करायच्या दारात,
एक ओळ झाडू घेऊन उभी होती :
जे दिसत नाही ते कचरा.

मंडी बाजारात हबीबचाचांना विचारलं.
ते छापखान्यात खिळे जुळवायचे.
'त्या र चा खण वेगळा होता,' म्हणाले,
'डाव्या हाताला, खाली. लहान.
रोज लागायचा नाही.
लागला की मात्र दुसरं काही चालायचं नाही.'

मी झाडूवाल्या ओळीला एवढंच सांगितलं :
ह्याला सोड.
ह्यानं बसायला जागासुद्धा मागितलेली नाही.

दुरुस्ती पाठवली.
तिकडून मार्टा नावाच्या बाईंनी विचारलं,
हे अक्षर काढलं तर बिघडतं काय?
मी लिहिलं, बाई,
एक शब्द म्हणजे डोंगरातली खोल जागा, दुसरा म्हणजे समुद्र.
पहिली आमच्या गावाला लागून आहे.
दुसरा बघायला रात्रभर गाडीत बसावं लागतं.

दोन महिने काही नाही.
मग : चाचणी जोडा.
जोडली. आत टाका दऱ्या, बाहेर यायला हव्यात दऱ्या.
मग आणखी कुणी म्हणालं,
ओळीच्या सुरुवातीला मोकळ्या जागा दोन आहेत, चार हव्यात.
केल्या चार.
'पैसे कित्ते देते?' अम्मीनं विचारलं.
'कुछ नहीं.'
'फिर वो बाई कायकू गुस्सा करती?'

एका मंगळवारी पहाटे हिरवी खूण आली.
आवाज वगैरे काही झाला नाही.
खाली दूधवाला मोटरसायकलला किक मारत होता,
ती लागत नव्हती.
नव्या आवृत्तीच्या यादीत बाविसावी ओळ :
देवनागरी, किरकोळ.

सरांनी शाळेतल्या मशिनवर उघडून पाहिलं.
दऱ्या होत्या.
सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.
होत्या.
मग कपाटातून एक उत्तरपत्रिका काढली,
त्याच पेपरची, जपून ठेवलेली.
वेदिका गित्ते, सातवी ब :

'बालाघाटात आधी लाव्हा आला. तो थंड झाला.
मग दर्या आला. तो खुप खोल होता.
नंतर तो निघून गेला.
आता फक्त त्याची जागा राहिली आहे.'

चारपैकी साडेतीन.
'अर्धा कशाचा कापला, सर?'
सरांनी चष्मा पुसला.
'खूपचा. उकार पहिला काढलाय.'