नमुना क्रमांक एक्केचाळीस

रबाळ्याच्या प्रयोगशाळेत अडुळशाचं पोतं उघडलं
की आधी वास येतो,
उकळून टाकलेल्या चहापत्तीचा, जरा कडवट,
आणि मग पाल्यातून एखादी गोगलगाय.
तिला मी खिडकीतून खाली कण्हेरीत सोडते.
नोंदवहीत ती येत नाही.

पानं सावलीत वाळवायची, दळायची, चाळायची,
मेथॅनॉलमध्ये रात्रभर बुडवून ठेवायची.
अर्क हिरवा, जवळजवळ काळा.
काचपट्टीवर सुईच्या टोकाएवढा थेंब,
पट्टी द्रावात उभी,
आणि थेंब चढू लागतो
दमेकऱ्यानं जिना चढावा तसा.
हरितद्रव्य भराभर वर निघून जातं,
वासिसीन खालच्याच मजल्यावर रेंगाळतं.
मग फवारा मारायचा.
ठिपका पेटतो नारिंगी,
वाटेवरच्या दगडाला कुणी शेंदूर फासावा तसा.

अकरा कार्बन, बारा हायड्रोजन,
दोन नायट्रोजन, एकुलता ऑक्सिजन.
एवढ्या ऐवजावर छातीतला चिकटा सुटतो म्हणे.
माझ्या बाबांचा नाही सुटला.
बावीस वर्षं तुर्भ्याच्या खाणीत खडी फोडली त्यांनी.
काढा, चाटण, इथल्याच बाटल्या, सवलतीच्या दरात.
त्यांच्या छातीत कफ नव्हता,
डोंगर होता.

पाला येतो येऊरच्या पायथ्याहून.
बारकी सांबर आणते, दर बुधवारी, टेम्पोत पोत्यांवर बसून.
"बकरी तोंड नाय लावत याला,
म्हणून कुंपणाला लावतो," म्हणाली एकदा.
फुलं मात्र पोरं चोखतात.
पांढरं फूल, जबडा वासलेलं,
बुडाशी मधाचा एक थेंब.
तो थेंब आम्ही कधी तपासला नाही.

काल पावतीवर अंगठा उठवताना
तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.
"कितवा?"
मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.
कोट दोन मापं मोठा, त्यात काय दिसणार!
बोटांनीच सांगितलं, तिसरा.
"मग या पाल्यात हात नको घालू.
अडकलेलं सोडवायचं, एवढंच येतं त्याला.
कफ कुठला नि लेकरू कुठलं,
त्याला काय कळतंय?"

मला ठाऊक होतं की.
संदर्भग्रंथात आहे, गर्भाशयावरील क्रिया,
उंदीर, गिनीपिग, मात्रा, आलेख.
परीक्षेला आलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते.
बाटलीवरही आहे, तळाशी,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.
आणि उजव्या हातमोज्याला
अंगठ्यापाशी भोक होतं, सोमवारपासून.

हातमोजे बदलले.
साबण लावून धुतले हात, कोपरापर्यंत,
परत एकदा धुतले.
नमुना क्रमांक एक्केचाळीस: योग्य. सही. तारीख.

पुढचं पोतं मल्हारीनं उघडलं.
मी दाराशी उभी, नाकाला ओढणी.
विचारलं, गोगलगाय निघाली का रे?
त्यानं पाला वरखाली केला.
म्हणाला,
दोन आहेत.