खिसा तेवढा राहू दे

घाटंजीच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीखाली
माझी मशीन.
नवं कापड वर्षात दोनदा येतं, पोळ्याला आणि लग्नसराईत.
एरवी गाठोडी.
मोठ्याची पँट धाकट्याला, धाकट्याची पिशवीला,
पिशवी फाटली की तिची चुंबळ.
निवडणूक झाली की बॅनर येतात;
चार-चार जोडून देतो कुटारावर झाकायला,
चेहरे आतून.
गुरं बुजत नाहीत मग.

तुरी सोंगायच्या दिवसांत
अंतकलाबाई आली, डोक्यावर बोचकं.
माझ्यापुढं सोडलं:
दोन लुगडी, एक विरलेलं धोतर,
पोरीचा शाळेतला निळा स्कर्ट,
आणि कोतवालाचे तीन खाकी शर्ट,
धुऊन, घडी घालून,
जणू उद्या तहसीलला जायचंय.

"वाकय शिवून दे झिबलभाऊ. जागलीले जाचं हाये."

लहानूजी कोतवाल गेला त्याला हा दुसरा हिवाळा.
हरभऱ्यात डुकरं शिरतात,
आता माळ्यावर हीच निजते.

मी म्हटलं, खाकी जाड आहे, सुया मोडतील.
एक शर्ट बुजगावण्याला घाल,
खाकीला भितात डुकरं.
ती हसली नाही.
"जनमभर उभाच राह्यला थो.
सायबापुढे उभा, सरपंचापुढे उभा,
झेंड्यापाशी उभा, पंचनाम्यात मढ्यापाशी उभा.
आता वावरात बी उभा करू काय?
निजू दे त्याले."

मी कात्री घेतली.

उसवताना कळतं माणूस कुठं कुठं वापरला गेला.
कोपरं विरलेली, कॉलर आतून काळी,
आणि छातीवरून तिरपी एक झिजलेली वाट,
डफड्याच्या पट्ट्याची.
नळपट्टी भरा, साखर आली, ढोरांना डोस आहे,
अख्ख्या गावाची बातमी त्या वाटेनं गेली.
शिवणीच्या आत मात्र रंग अजून कोरा,
उन्हाला ठाऊकच नसलेला.

आमच्याकडून कापूस सरकीसकट जातो,
ट्रकमधून, वर चार माणसं बसवून.
कुठं कुठं फिरून कापड होऊन येतो
आणि आमचाच आम्हाला मीटरनं मिळतो.
चिंधी झाला की मग पुरता आमचा.
चिंधीचा भाव कोणी पाडत नाही.

धोतर घातलं अस्तराला.
लुगड्यांचे काठ चारी बाजूंनी,
निळा स्कर्ट मधोमध, हौदासारखा,
भोवती खाकी.
तीन सुया मोडल्या. मग मशीन सोडली,
दाभण घेऊन हातानं धावदोरा टाकत बसलो
टाकीची सावली शाळेपर्यंत जाईतो.

पट्ट्याची खूण आत घेऊ का, विचारलं.
"राहू दे वर."
बिल्ल्याची भोकं?
"रफू कर. वारं शिरते."

खिशाच्या टाक्यावर कात्री टेकवली
तर हात धरला तिनं.
"खिसा तेवढा राहू दे."
मी थांबलो. वाटलं, आता असं काही म्हणेल
की आपण नुसतं खाली पाहावं.
"बॅटरी ठेवाले.
डुकरं आली का अंधारात सापडतच नाही मसणी."

शिलाई अर्धी रोख दिली,
अर्ध्याची डाळ, नवी निघाली की.
तीन कॉलरी उरल्या माझ्याकडे.
एकीनं मशीन पुसतो.
सरकारी कापड, तेल बरं पितं.

काल रात्री लाइन गेली होती.
ओढ्यापलीकडं हरभऱ्यात एक उजेड उठला,
इकडं गेला, धुऱ्यावर थांबला, तिकडं गेला,
"हाऽऽड! हाऽऽड!"
पार वेशीपर्यंत ऐकू येईल असा आवाज.
मग उजेड
परत खिशात.