शून्य बाइट

रबाळ्याच्या ऑफिसात रात्री सव्वादोनला
मी आणि एसी, दोघेच जागे.
काम कोपरखैरण्याच्या एका पॅथॉलॉजीवाल्याचं.
त्याची अट अशी :
रिपोर्ट डिस्कवर उतरवायचा नाही,
सर्व्हरवर मागमूस राहता कामा नये.
मेमरीत बनेल आणि मेमरीतूनच परस्पर
क्लाउडमध्ये जाईल,
जमिनीला पाय न लावता.

सोपं वाटलं.
आकडे ओतले, रकाने आखले,
तळाशी डॉक्टरीणबाईंची सही डकवली,
दिलं धाडून.
हिरवी खूण आली. दोनशेचा होकार.

भरलेला पानी बगून मीठ मोजाचा नाय,
बाबा म्हणायचे.
मिठागरात होते तेव्हा.

म्हणून बकेट उघडून बघितली.
नाव बरोबर, तारीख बरोबर,
पेशंट क्रमांक एकशे सात, कुंदा भगत,
आकार : शून्य बाइट.

एरर आला असता तर भांडता आलं असतं.
हे म्हणजे पाकीट पोचलं,
शिक्का नीट, तिकीट नीट,
आत चिठ्ठीच नाही.
चार वेळा धाडलं.
चार पाकिटं, चारही तशीच.

खिडकीतून समोर ती बिनखिडक्यांची इमारत दिसते,
गच्चीवर पंख्यांची रांग, रात्रभर घरघर.
आमचा क्लाउड त्यातच असतो की आणखी कुठे,
कंपनी सांगत नाही.
पण ढग म्हणावं असं काही तिच्यात नाही.
गेटवर गोठिवलीचाच मुलगा बसतो,
येणाऱ्या गाड्यांचे नंबर
वहीत पेनाने लिहितो.

पाचव्यांदा धाडण्याआधी लांबी छापून बघितली.
त्रेचाळीस हजार दोनशे अकरा.
म्हणजे होतं.
कुंदाबाईंचं हिमोग्लोबिन होतं,
उपाशीपोटीची साखर होती, सही होती,
सगळं जिथल्या तिथे.
फक्त वाचणारं बोट
शेवटच्या अक्षरापलीकडे उभं होतं,
लिहिणं संपलं तिथेच, तसंच.
धाडणाऱ्याने विचारलं, पुढे काय आहे?
त्याने खरं तेच सांगितलं :
काही नाही.

एक ओळ घातली. शून्यावर ये.
गेलं.

मग घरी जायला हवं होतं. गेले नाही.
थंड झालेल्या मशीनच्या कॉफीसमोर बसून राहिले.

आई गेल्याला अडीच वर्षं झाली.
मी बाबांना विचारत आले,
भाऊ विचारत आला,
त्याची पोरगीसुद्धा शाळेच्या प्रोजेक्टसाठी
वही घेऊन बसली, आज्जी कशी होती?
कय नाय, म्हणतात.
चांगली व्हती. कय नाय.
आम्ही आपसात ठरवून टाकलं,
वय झालं, आता त्यांना आठवत नाही.

आम्ही दर वेळी
हॉस्पिटलच्या त्या रात्रीपासून पुढे विचारत होतो.

साडेसहाला घरी पोचले तेव्हा
ते ओट्यावर कोरा चहा घेऊन बसलेले.
आईचं नाव काढलं नाही.
म्हटलं, बाबा,
मिठागरात पहिल्यांदा गेलात
तेव्हा केवढे होतात?

कप खाली ठेवला.
बराच वेळ काहीच नाही.
मला वाटलं, गेलं हेही रिकामं.

मग म्हणाले,
त्या वर्साला उघारी फुटली व्हती.
आणि चिखलात रुतलेला त्यांचा एक पाय,
मुकादमाची छत्री,
पायांच्या भेगांत झोंबणारं खारं पाणी,
कुणा हसुरामने चोरलेली फावडी
आणि त्याने चोरलीच नव्हती ती फावडी,
असं सगळं येऊ लागलं,
घाई न करता.

खिशात फोन थरथरला,
पॅथॉलॉजीवाला असणार. घेतला नाही.
रेकॉर्डचं बटणही दाबलं नाही.

साडेनऊ वाजले, ऊन ओट्यावर चढलं.
बाबा आता बारा वर्षांचे झाले होते.
आई अजून गोष्टीत आलीच नव्हती.