बी बाजू

ऋजुता म्हणाली, बाबा, हे ऐका, तुमच्या काळातलं आहे.
कालच आलंय.

पाच कोरियन पोरी. खांद्यांत उशा भरलेली जाकिटं,
केसांना इतका फुगारा की दारातून आडवं यावं लागेल,
मागे चंदेरी झिरमिळ्या.
आणि एकही शब्द येण्याआधी
खरखर.

मुद्दाम घातलीय, ती म्हणाली, जुनं वाटावं म्हणून.

रुवीत, घड्याळवाल्याच्या शेजारच्या गाळ्यात
एकोणीस वर्षं मी हीच खरखर काढत बसलो.
कापसाची काडी, स्पिरिट, आणि एवढासा स्क्रू,
पाव फेरा दिला की हेड सरळ बघायला लागतं.
युनूसभाई म्हणायचे, भालू आवाजाला आंघोळ घालतो.
आता कोणी पोरगा स्टुडिओत बसून
ती वरून टाकतो, चिमटीने, मीठ टाकावं तशी.

पण गाणं चांगलं आहे. खोटं कशाला बोलू.
तो मशीनचा ठोका, टप्पकन पडणारा
आणि पडल्यावर मागे मोठी रिकामी खोली सोडणारा,
मला ठाऊक आहे. सत्त्याऐंशी साली
मत्राहच्या प्रत्येक टॅक्सीत तोच होता.
गाणं अरबी असो, हिंदी असो, ठोका एकच,
जसा कॅम्पात सगळ्या देशांना एकच भात.

मग तिसरी पोर, बॉबकटवाली, टेपरेकॉर्डर मांडीवर घेते,
गुलाबी नखांनी बटणं दाबते.
थांबव, मी म्हणालो. मागे घे.
दोन बटणं दाबलीत बघ. एक प्ले, शेजारचं लाल.
अगं, ती ऐकत नाहीये.
ती पुसतेय.

ऋजुता हसली. बाबा, तिची आईसुद्धा तेव्हा
जन्मली नसेल. तिला काय कळणार.

नसेल. खरंय.

कुंदा आत सुरमईला मसाला लावत होती.

त्या वर्षी कुडाळहून कॅसेट आली होती,
परबांच्या सतीशबरोबर, कुळथाच्या पिठात खुपसून.
ए बाजूला नवी नवरी घसा खाकरते,
कुणाला तरी विचारते, लागला काय रे ता?
मग गाय, मग विहिरीचा पंप, तुमच्या आईंचा गुडघा,
पोस्टमनने चष्मा बदलला, हेसुद्धा.
शेवटी हळू आवाजात: एक विचारायचं होतं.
पलीकडच्या बाजूला विचारते, इथे सगळे आहेत.

गोड घास मी शेवटी खातो.
बी बाजू दुसऱ्या दिवसासाठी ठेवली.
रात्री रेडिओवर असलंच काही लागलं, युनूसभाईंना हवं होतं,
अंधारात हाताला आली ती कॅसेट घातली.
प्ले आणि लाल. दोन्ही एकदम.

उत्तरात मी गाईचं विचारलं, गुडघ्याला तेल सांगितलं,
आणि टेप संपता संपता म्हणालो,
तू विचारलंस ना, त्याचं उत्तर होय.

तिने पुन्हा विषय काढला नाही.
चार वर्षांनी व्हिसा झाला, सीबच्या विमानतळावर
ट्रॉली ढकलत आली, माझ्याकडे बघून अशी हसली
की काहीतरी ठरलेलं आहे.
काय ठरलं होतं?
त्या होयमध्ये मी इतकी वर्षं राहतोय
आणि त्याला खोल्या किती ते मला माहीत नाही.

गाणं संपतं. संपल्यावर पुन्हा तीन सेकंद खरखर.
कारागीर म्हणून सांगतो, पुसलेल्या टेपवरही
जुनं थोडं उरतं, कान नीट लावला तर.
हिच्याखाली कोणी नाही. हे मला कळतं.
तरी वाकलो.

कुंदा बाहेर आली, हात हळदीचे, अंगापासून लांब धरलेले,
कमरेत मात्र तो ठोका, अगदी थोडा.
काय म्हणतायत गं या?
काही नाही, ऋजुता म्हणाली, फोन कर म्हणतायत.
मग करावा की त्याने.

परत लावू?
लाव, मी म्हणालो. आवाज कमी ठेव.
वाढव, कुंदा म्हणाली.