‘हो’ची जागा

यॉर्कटनच्या पुनर्वसन केंद्रात टेबलावर तीन यंत्रं.
बाहेर उणे एकतीस. ऑरेस्टच्या बुटांतला बर्फ
गालिच्यावर वितळत चाललाय.

जोसेलिन सांगते : हे डोळ्यांनी चालतं,
हे बोटानं. आणि हे जुनं, जड,
प्रत्येक चौकोनाभोवती प्लास्टिकचं कुंपण,
थरथरणारं बोट घसरू नये म्हणून.
सांगते कोणाला? मला.
मी खुर्ची मागे सरकवते. म्हणते, त्याला सांग.

सव्वीस वर्षं या माणसानं गुरांचे लिलाव पुकारले.
एका श्वासात चौदा आकडे,
मागच्या बाकावरची हललेली भुवईसुद्धा
त्याच्या हिशेबातून कधी सुटली नाही.
मग धान्याच्या कोठाराची शिडी.
आता घशात एकच अक्षर : ता.
मीठ हवं, ता. मी, ता. आमची कुत्री, ता.

दुसरं यंत्र आठवडाभर उसनं मिळालं.
ते फक्त ‘नाही’ म्हणालं.
सूप? नाही. टीव्ही लावू? नाही.
मी बसू का इथं, जवळ?
त्यानंतर मी गाडीत जाऊन बसले,
इंजिन चालू न करता.

शंका जोसेलिनला आली.
तिनं पेन्सिल फिरवली त्याच्या नजरेसमोर,
डावीकडून उजवीकडे.
मध्यावरच त्याच्यापुरती पेन्सिल संपली.
‘हो’ उजव्या कडेला होतं.
आठवडाभर तो एकाच शब्दाच्या दुकानात उभा
आणि आम्ही म्हणत होतो, हट्टी आहे.

ती ‘हो’ उचलून डावीकडे आणते.
मी तो प्रश्न पुन्हा विचारत नाही.
सूपचा विचारते.

मग आवाज. पुरुष एक, पुरुष दोन,
कुणी बातम्या देणारा, कुणी विमानातला.
गोठ्याच्या धुळीनं बसलेला एकही नाही.
वेग वाढवू? जोसेलिन विचारते.
तो कमी करतो. आणखी कमी.

शेवटी किंमत. विमा किती देईल, आम्ही किती.
माझा हात पर्सवर. त्याचं बोट जुन्या यंत्रावर,
कुंपणात नीट बसलेलं : ‘जास्त.’
पुन्हा : ‘जास्त.’
जोसेलिन गोंधळते, कागद उलटते,
वापरलेल्याचा आकडा सांगते.

तो थांबतो. खोलीला थांबवतो.
एक वार, मी मनात म्हणते. दोन वार.
बर्फाचं पाणी माझ्या बुटांपर्यंत आलंय.
‘ता,’ तो म्हणतो, तोंडानं.
आणि मग, कुणाला शंका राहू नये म्हणून,
बोटानंही.